कोंक गावात तीन तास : मडगावच्या एका सहल कंपनीच्या सेवेविषयी

गेल्या सप्टेंबरात मडगावच्या एका सहल कंपनीबरोबर आम्ही सव्वीस गोमंतकीय मंडळी दक्षिण फ्रान्सला जाऊन आलो. अकरा दिवसांच्या सहलीचा सगळा हिशेब मांडण्याचा माझा विचार नाही. ज्या एका गावासाठी मी या कंपनीची निवड केली, त्या कोंकविषयीच लिहितो, कारण कंपनीची जाण आणि तिचा गलथानपणा ही दोन्ही तिथे एकाच दिवशी दिसली.

आवेरों जिल्ह्यातले कोंक हे डोंगरउतारावर वसलेले अगदी लहान गाव आहे. घरे लाकडी चौकटींची आणि दगडी, छपरांवर पातळ दगडी पापुद्र्यांची कौले, आणि मधोमध त्या वस्तीच्या मानाने अवाढव्य वाटणारे सेंत फ्वाचे चर्च. इतर कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकांत हे नाव सहसा सापडत नाही. फोंड्याच्या आमच्या घरी येऊन सहलीची माहिती देणाऱ्या तरुण व्यवस्थापकाने मात्र पॅरिसच्या मनोऱ्याआधी या गावाचे नाव घेतले, आणि तेवढ्यावरच मी आगाऊ रक्कम भरली.

कंपनीने निघण्यापूर्वी प्रत्येकाला एक मराठी माहितीपुस्तिका दिली होती. तिचा कागद उत्तम, छपाई उत्तम, पण मजकूर कोणी डोळ्यांखालून घातला असेल असे वाटत नाही. गावाचे नाव शंख-शिंपला या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, दरीच्या आकारामुळे, पडले आहे. पुस्तिकेत त्याचे ‘कवच’ झाले आहे. गावाखालून वाहणाऱ्या दुर्दू नदीवरच्या पुलाला तिथे ‘रोमन पूल’ म्हणतात म्हणून पुस्तिकेने तो थेट रोमन सम्राटांच्या नावावर जमा केला आहे. वास्तविक तो मध्ययुगीन असून, ते नाव यात्रेकरू या अर्थाच्या जुन्या स्थानिक शब्दावरून आले असे सांगतात. ल प्वीहून स्पेनमधल्या सांतियागोकडे जाणारी पदयात्रेची वाट याच पुलावरून पुढे जाते. 1998 साली युनेस्कोने फ्रान्समधल्या या यात्रामार्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा त्यात कोंकच्या चर्चबरोबर हा पूलही आला. म्हणजे पुस्तिकेची चूक शब्दाची असली तरी तिच्यामुळे पुलाचा सगळा अर्थच हरवतो.

पुस्तिकेने जे घालवले ते व्यवस्थापकाने बसमध्ये पुष्कळसे भरून काढले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. नवव्या शतकात कोंकचा मठ नवा होता, पण त्याच्याकडे लोकांना ओढून आणील असा कोणी मोठा संत नव्हता. तेव्हा तिथला एक भिक्षू आझां शहरी जाऊन राहिला. परंपरा सांगते की, तब्बल दहा वर्षे त्याने तिथल्या लोकांचा विश्वास संपादन केला आणि 866 च्या सुमारास सेंत फ्वा या बालहुतात्मा मुलीच्या अस्थी उचलून कोंकला आणल्या. पुढे यात्रेकरू आले, दाने आली, आणि अकराव्या शतकात आजचे चर्च उभे राहू लागले. ही हकीकत ऐकताच कवळ्याच्या एका वहिनींनी विचारले, “म्हणजे कौल न घेताच उचलून आणली की काय तिला?” बसमध्ये हशा पिकला, पण प्रश्न नेमका होता. व्यवस्थापकाने दिलेले उत्तरही चांगले होते : त्या काळचे लोक असे मानत की संतिणीची इच्छा नसती तर ती जागची हललीच नसती, तेव्हा अस्थी सुखरूप पोहोचल्या हाच तिचा कौल. आमच्याकडे सोळाव्या शतकात मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली ती जीव वाचवण्यासाठी. इथे संतिणीला नेले ते गावाचे भाग्य उजळण्यासाठी. हेतू वेगळे असले, तरी देवाने गाव बदलले की दोन्ही गावांचा इतिहास बदलतो, हे गोव्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

आम्ही सव्वाअकराला पोहोचलो. बस गावाबाहेरच थांबते आणि पुढे दगडी उताराच्या गल्ल्या आहेत. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांना हे आधी सांगायला हवे होते; ते सांगितले नाही, आणि दोन ज्येष्ठ सहप्रवाशांनी अर्ध्या वाटेवरच्या बाकावर बसणे पत्करले.

चर्चच्या पश्चिम दारावरचे अर्धवर्तुळाकार शिल्प हा या भेटीचा गाभा. बाराव्या शतकातल्या या अंतिम न्यायाच्या दृश्यात 124 आकृती आहेत आणि काही ठिकाणी मूळ रंग अजून टिकून आहेत. स्थानिक वाटाड्या बाई इंग्रजीत सांगत होत्या, व्यवस्थापक मराठीत, आणि दोघांनी मिळून त्या एका दारापुढे पाऊण तास दिला. मध्यभागी ख्रिस्त, त्याच्या खाली आत्म्यांचा तराजू. तराजूच्या एका बाजूला देवदूत, दुसऱ्या बाजूला सैतान, आणि हा सैतान चक्क बोटाने आपले पारडे खाली दाबतो आहे. मासळीबाजारात ज्याने आयुष्य काढले त्याला हे बोट ओळखीचे वाटेल. नरकाच्या बाजूला गळ्यात पैशांची थैली अडकवलेला कंजूष लटकतो आहे. स्वर्गाच्या बाजूला कमानींखाली बेड्या टांगलेल्या आहेत. सेंत फ्वा बंदिवानांना सोडवते अशी श्रद्धा असल्याने सुटलेले लोक आपल्या बेड्या इथे आणून वाहत असत. सर्वांत बाहेरच्या कमानीच्या कडेने लहान लहान चेहरे दगडी पट्टीमागून डोकावून हे सगळे पाहत आहेत. वाटाड्या बाईंनी ते बोटाने मोजून दाखवले, तेव्हा आमच्यातला एक कॉलेजकुमार मोबाईल खिशात ठेवून खरोखर पाहू लागला.

आत गेल्यावर वेळापत्रकाचा जाच सुरू झाला. वेदीमागून फिरण्यासाठी वाट ठेवलेली आहे, जेणेकरून यात्रेकरूंच्या रांगेने चाललेल्या प्रार्थनेत व्यत्यय येऊ नये. आमची मंडळी न सांगताच त्या वाटेने प्रदक्षिणा घालू लागली. खिडक्यांकडे पाहायला मात्र कोणाला सवड दिली गेली नाही. जवळच्या रोदेझ शहरात जन्मलेले चित्रकार पिएर सुलाज यांनी या चर्चच्या 104 खिडक्यांसाठी काचा घडवल्या. ते काम 1994 मध्ये पूर्ण झाले. रंगीत संतचित्रांची अपेक्षा ठेवून गेलेला माणूस आधी हिरमुसतो, कारण काचांवर काळ्या वळणदार रेषांखेरीज काहीच नाही. काच पारदर्शकही नाही : उजेड आत येतो, बाहेरचे दिसत नाही. मला आमच्या आजोळच्या जुन्या घरातल्या शिंपल्यांच्या खिडक्या आठवल्या. दुपारी चारला त्या खिडकीशी बसले की ऊन दुधासारखे होऊन अंगावर यायचे. इथेही एका खांबावर उजेड निळसर होता आणि शेजारच्याच खांबावर पिवळट. मी दहा मिनिटे उभा राहिलो असतो तर तो बदलतानाही पाहिला असता. पण बारा वाजून चाळीस मिनिटांनी जेवणाची शिट्टी झाली. शिट्टी खरोखरच वाजवली गेली.

कंपनीच्या पत्रकात ‘सर्व प्रवेशशुल्क समाविष्ट’ असे ठळक छापले आहे. चर्चमध्ये प्रवेश विनामूल्य आहे. शुल्क लागते ते खजिन्याच्या संग्रहालयाला, आणि नेमके तेच समाविष्ट नव्हते. विचारणा केल्यावर ‘तो ऐच्छिक भाग आहे’ असे उत्तर मिळाले. आम्ही दहा जणांनी जेवण आटोपते घेऊन स्वखर्चाने तिकिटे काढली. लाकडी गाभ्यावर सोन्याचा पत्रा आणि रत्ने मढवलेली सेंत फ्वाची आसनस्थ मूर्ती तिथे आहे. उंची तीन फुटांच्या आतली, चेहरा मूळ कोणा रोमन काळातल्या पुतळ्याचा, आणि नजर समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे लागलेली. अकराव्या शतकाच्या आरंभी आंजेहून आलेला बेर्नार हा विद्वान तिला पाहून प्रथम ‘ही तर मूर्तिपूजा’ म्हणून हसला. पुढे त्यानेच पश्चात्तापाने तिच्या चमत्कारांचा ग्रंथ रचला. राज्यक्रांतीच्या काळात सरकारी माणसे सोनेनाणे गोळा करीत फिरत असताना गावकऱ्यांनी हा खजिना लपवून ठेवला, म्हणून तो आज आहे. रत्नांच्या गर्दीत एके ठिकाणी रिकामे कोंदण दिसते, त्याकडे मी बराच वेळ पाहत होतो. सोळा सहप्रवाशांना हे दालन आहे हेच परतीच्या बसमध्ये कळले.

जेवणाविषयी थोडक्यात : बटाटा आणि चीज घोटून केलेला आलिगो हा त्या प्रांतातला पदार्थ शाकाहारींनाही चालला, मांसाहारींना कोंबडी मिळाली, आणि सोलकढीची आठवण सगळ्यांनी काढली.

सव्वादोनला बस सुटली. माझी मुख्य तक्रार हीच आहे. उन्हाळी हंगामात कोंकमध्ये रात्रीच्या प्रार्थनेनंतर तिथले धर्मबंधू दारावरच्या शिल्पाचे विवेचन करतात, आत ऑर्गन वाजतो, वरच्या सज्जांमध्ये जाता येते आणि शेवटी शिल्पावर प्रकाशाने जुने रंग उजळवले जातात. दिवसाच्या बसगाड्या निघून गेल्यावर गाव आपले होते. हे सगळे कंपनीच्या व्यवस्थापकाला ठाऊक होते, त्यानेच मला ते परतताना सांगितले. पण मुक्काम दीड तासाच्या अंतरावरच्या मोठ्या हॉटेलात आधीच ठरलेला, कारण तिथे सव्वीस जणांना एकाच छपराखाली खोल्या मिळतात. त्याची अडचण मला समजते. तरीही ज्या गावासाठी इतक्या दूर गेलो, तिथे तीन तास आणि त्याच रात्री हॉटेलच्या तळघरातल्या बुफेला अडीच तास, हा हिशेब पटत नाही.

परत आल्यावर मी कंपनीला सविस्तर पत्र पाठवले. पुस्तिका नव्याने तपासून घेण्याचे आणि संग्रहालयाचे तिकीट समाविष्ट करण्याचे त्यांनी मान्य केले आहे. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाचा मसुदाही पाठवला. त्यात लिहिले आहे, ‘शक्य झाल्यास कोंक येथे मुक्काम’. ‘शक्य झाल्यास’ हे दोन शब्द काढले तर माझे आणि माझ्या धाकट्या बहिणीचे नाव लिहून घ्यावे, असे मी उलट कळवले आहे.