लंडनची कोर्टकचेरी वॉकिंग टूर, एका रिटायर्ड शिरस्तेदाराकडून पाचपैकी साडेतीन

लेकीकडे लंडनला आलोय, तिने आम्हा दोघांसाठी ही टूर बुक केली. बाबा ३४ वर्षं दिवाणी कोर्टात होते, त्यांना कोर्ट सोडून दुसरं काय दाखवणार असा तिचा हिशोब. माणशी २५ पौंड, तीन तास पायी, टेम्पल स्टेशनपासून ग्रेज इनपर्यंत (इन म्हणजे इथल्या बॅरिस्टरांच्या जुन्या संस्था, मिडल टेम्पल त्यातलीच). कंपनीचं नाव देत नाही, थोडी तक्रार आहे आणि तिचा निकाल लागायचाय.

सुरुवात एक नंबर. टेम्पल चर्च ११८५ चं, गोल, नाइट्स टेम्प्लर म्हणजे धर्मयुद्धातल्या लढवय्या साधूंनी बांधलेलं, आणि आत जमिनीवर दगडी सरदार झोपलेत चिलखतासकट. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात चर्च जळालं त्याच्या खुणा त्यांच्या अंगावर अजून आहेत. त्यातल्या विल्यम मार्शलपाशी गाइड बाई थांबल्या आणि अख्खी मॅग्ना कार्टा, राजाकडून घेतलेली हक्कांची सनद, तिथंच उभ्याउभ्या सांगून टाकली. १२१५ च्या जानेवारीत जॉन राजा इथंच टेम्पलमध्ये मुक्कामाला होता, सरदार हत्यारबंद येऊन आमचे हक्क लिहून द्या म्हणाले, जूनमध्ये रनीमीडच्या कुरणात त्याला मोहोर उठवावी लागली आणि ऑगस्टमध्ये पोपने ती रद्दसुद्धा केली, म्हणजे जेमतेम दहा आठवडे चालली. पुढच्या वर्षी जॉन वारला, गादीवर नऊ वर्षांचा पोर, कारभार या मार्शलकडे, त्याने ती काटछाट करून परत काढली म्हणून टिकली. हे मला नवीन होतं, आपलं शाळेत फक्त साल पाठ. त्यातलं एक कलम बाईंनी वाचून दाखवलं, न्याय कुणाला विकणार नाही, नाकारणार नाही, लांबवणार नाही. लांबवणार नाही ऐकून मला असा ठसका लागला की ही पाण्याची बाटली शोधायला लागली.

मग बाहेर येऊन किंग्ज बेंच वॉकवर बाईंनी हातातला मोजा काढला आणि आमच्या पायाशी ओल्या फरशीवर फाडकन आपटला. ही दचकून मागेच झाली! केस अशी, मेरी अ‍ॅशफर्डच्या खुनातून अब्राहम थॉर्नटन निर्दोष सुटला, तिच्या भावाने एका जुन्यापुराण्या तरतुदीखाली त्याला परत कोर्टात ओढलं, तर या पठ्ठ्याने भर कोर्टात हातमोजा फेकला की ये, लढून ठरवू. आता द्वंद्वाने निकाल लावायचा कायदा मध्ययुगातला, पण तो कुणी रद्दच केला नव्हता. न्यायाधीशांनी पोथ्या चाळल्या आणि म्हणाले हो, याला हक्क आहे. भाऊ अंगाने किरकोळ, तो कशाला लढतोय, थॉर्नटन सुटला. साल १८१८, म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडाली तेच. पुढच्या वर्षी पार्लमेंटने घाईघाईने ती तरतूद काढून टाकली. पैसे इथंच वसूल झाले.

अजून एक गंमत, नॉर्मन आल्यापासून इथल्या कोर्टाची भाषा कितीतरी शतकं लॅटिन आणि फ्रेंच, ती कायद्याने पूर्ण बंद झाली १७३३ ला. तोवर पक्षकाराला आपल्याच दाव्यात काय लिहिलंय ते वकिलाला विचारावं लागायचं. बेलीफ शब्द मूळचा फ्रेंच, हे कळल्यावर मला हसूच आलं, कारण आमच्या कोर्टात फारसी फिर्याद, फारसी रोजनामा, त्यात हा फ्रेंच बेलीफ, आणि समन्स घेऊन जाणारा माणूस शुद्ध मराठी.

आता तक्रारी. जाहिरातीत मिडल टेम्पलच्या हॉलचा आतला फोटो आहे, लाकडी छत बघण्यासारखं, १५७० च्या सुमाराचं. प्रत्यक्षात आत जेवणं चालली होती, आम्हाला दाराबाहेरून वास. हे आधी सांगायला काय जातं? शिवाय बाईंचं बोलणं ऐकायला टूरवाल्यांनी दिलेल्या कानातल्या यंत्राची बॅटरी लिंकन्स इनला गेली, नेमकं तिथं १४२२ पासूनच्या नोंदवह्या सलग आहेत हे चाललं होतं. सहाशे वर्षांचं रेकॉर्ड! मी रेकॉर्ड रूममध्ये सात वर्षं धूळ खाल्लीय, मला तेच ऐकायचं होतं.

आणि चॅन्सरी दोन मिनिटांत गुंडाळली, हे मला अजिबात पटलं नाही. जुन्या कोर्टात ठराविक रिटच्या, म्हणजे ठरलेल्या नमुन्याच्या हुकुमाच्या, चौकटीत बसलं तरच दाद, नाहीतर घरी जा, म्हणून लोक राजाकडे अर्ज करायचे, राजा ते चॅन्सलरकडे ढकलायचा, त्यातून चॅन्सरी हे दुसरं कोर्ट उभं राहिलं. आपण रोज मागतो तो मनाई हुकूम, ट्रस्ट, हे सगळं तिथलं. दोन्ही कोर्टं एकत्र झाली १८७५ ला, पण दोन मिनिटांत एवढंच कळणार की कुठंतरी काहीतरी विलीन झालं.

स्ट्रँडवरचं रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस मात्र भव्य, १८८२ चं. १९१९ मध्ये टिळकांनी इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर लावलेला बदनामीचा दावा लंडनच्या हायकोर्टात चालला, समोर एडवर्ड कार्सनसारखा वकील, आणि ज्युरीने निकाल टिळकांच्या विरुद्ध दिला. बाईंना ठाऊक नव्हतं, त्यांची चूक म्हणत नाही, पण मी सांगितल्यावर त्यांनी वहीत लिहून घेतलं. ग्रेज इनमध्ये तेच, फ्रान्सिस बेकनच्या पुतळ्यापाशी दहा मिनिटं आणि १९२२ ला इथूनच बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांचं नाव मी काढल्यावर. निम्मा ग्रुप भारतीय होता हो.

दोन दिवसांनी मी एकटा स्ट्रँडला परत गेलो. फुकट आहे, बॅग तपासतात, फोटो काढायचा नाही, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघायचा आणि गपचूप मागच्या बाकावर बसायचं. जज्ज आले, सगळे उठले, मीही सवयीने फाइल सावरायला हात पुढे केला. पुढचा तासभर एका करारातल्या एका स्वल्पविरामावर युक्तिवाद चालला होता.

कुणी जाणार असेल तर टूर टेम्पलपुरती घ्या, तशी छोटी पण मिळते. सोमवार ते शुक्रवारच, शनिवार-रविवारी कोर्ट बंद. ऑगस्ट-सप्टेंबर टाळा, सुट्टीमुळे फारसं काही चालत नाही. गुडघे दुखत असतील तर टेम्पलच्या बागेजवळ बसून घ्या, पुढे बाकं कमी आहेत. बॅटरीच्या पैशांचा ईमेल लेकीने केलाय, तीन आठवडे झाले.