क्लिनिकमधलं एआय ॲप: काम चोख, पण ती खालची ओळ!

नागपुरात मानेवाड्याला आमच्या ह्यांचं क्लिनिक आहे. काउंटर, हिशेब आणि कॉम्प्युटर माझ्याकडे. पेशंट-डॉक्टरांचं बोलणं ऐकून केसपेपर आणि प्रिस्क्रिप्शनचा मसुदा करणारी ॲप्स काय असतात ते वाचणाऱ्यांना माहीत असेलच. आम्ही दिवाळीनंतर घेतलं. आज लिहायला बसले ती चिडून. प्रिस्क्रिप्शनच्या तळाची ओळ काढायची तर वरचा प्लॅन घ्या, असं कस्टमर केअरने ऐकवलं.

ओळ अशी: ‘एआय-सक्षम क्लिनिक, ९९ टक्के अचूक निदान’. नव्या वर्षाच्या अपडेटबरोबर आली, न विचारता. हिरवी, ठळक, डॉक्टरांच्या सहीपेक्षा मोठी. रंगीत शाई आमची, जाहिरात त्यांची.

बँकेत नोकरी झाल्यामुळे बारीक अक्षरातलं वाचायची खोड आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरच्या पाटीवर काय असावं ते ठरलेलं आहे: नाव, पदव्या, स्पेशालिटी, रजिस्ट्रेशन नंबर. पुढे स्पष्ट म्हटलंय की प्रिस्क्रिप्शनच्या कागदावरही तेवढंच. २ ऑगस्ट २०२३ ला नवे नियम आले आणि २३ ऑगस्टला स्थगित झाले, म्हणजे जुनेच चालू. हे सांगितल्यावर पलीकडचा पोरगा म्हणतो, ‘मॅडम, सगळेच डॉक्टर वापरून राहिले.’ वापरोत बाप्पा! तक्रार झाली तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलपुढे आमचे हे उभे राहतील, तो पोरगा नाही.

आणि ९९ टक्के कशाचे? ॲप निदान करतच नाही, ते लिहून घेतं. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये टेक्सासच्या ॲटर्नी जनरलने पीसेस टेक्नॉलॉजीज कंपनीशी समझोता केला, तो अशाच अचूकतेच्या दाव्यांवरून. हॉस्पिटलांना विकलेल्या एआयच्या गंभीर चुका लाखात एकाहून कमी, असं मार्केटिंग होतं. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण असा आकडा जाहिरातीत द्यायचा तर तो कसा काढला हे सांगायचं बंधन आलं. आमच्या कंपनीला मी तेच विचारलं. उत्तरात ब्रोशर आलं.

फेब्रुवारीत बंदच करणार होते. तेवढ्यात एक आजी आल्या, रक्त पातळ करायची गोळी सुरू असलेल्या. जाता जाता पुटपुटल्या, ‘गुडघा दुखून राहिला म्हणून मेडिकलमधून गोळी आणली होती.’ हे तोवर ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळत होते, ऐकलंच नाही. मसुद्यात मात्र ते वाक्य होतं. ह्यांनी वाचलं, आजींना दारातून परत बोलावलं आणि ती वेदनाशामक बंद केली. रक्तस्रावाचा धोका होता. त्या दिवसापासून माझा सूर जरा नरमला, हे खरं. संध्याकाळी केसपेपर पूर्ण करायला बसणंही संपलं.

व्हॉट्सॲपवर पेशंटला परस्पर उत्तरं देणारं फीचर मात्र पहिल्याच आठवड्यात बंद केलं. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत साफ लिहिलंय: एआयने डॉक्टरला मदत करावी, पेशंटला सल्ला किंवा औषध देऊ नये. सेल्सवाल्याने हे सांगितलं नव्हतं, उलट तेच फीचर सगळ्यात आधी दाखवलं होतं.

रेकॉर्डिंगच्या संमतीची मराठी सूचना मीच टाइप करून काउंटरला लावली. कंपनीची फक्त इंग्रजीत, तीही चार पानी. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्यांना दीड वर्षाची मुदत आहे, पण पेशंटच्या माहितीला पुरेसं संरक्षण दिलं नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. आणि जबाबदार क्लिनिक, ॲप नव्हे. आमची अख्खी गल्ली विकली तरी भरणार नाही! ‘का हो मॅडम, आता डॉक्टरसाहेब नाही का तपासत?’ असं एकाने सूचना वाचून विचारलंच. तपासतात, लिहायचं काम फक्त मशीनला दिलं, असं सांगितलं. नको म्हणणाऱ्यांचं रेकॉर्डिंग होत नाही. त्यांचा कागद हे हातानेच लिहितात.

वरचा प्लॅन मी घेणार नाही. सध्या खालची पट्टी कात्रीने कापून कागद देते, कंपाउंडर हसतो. ओळ फुकट काढा, नाहीतर उरलेले पैसे परत द्या, असा लेखी मेल टाकलाय, सोबत आचारसंहितेचं ते पान. नोंदींना पाचपैकी चार, कंपनीला एक. घेणार असाल तर डेमोमध्ये स्क्रीनवर खूश होऊ नका, एक प्रिस्क्रिप्शन छापून मागा.