जन्मदाखला: राजपत्र की जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र?

ट्रान्सजेंडर व्यक्तीला जन्मदाखल्यावरचं नाव किंवा लिंग बदलायचं असेल तर वाटा दोन. सरकारी राजपत्रातून (गॅझेट) नाव बदलतं, आडनावासकट. लिंगाचा रकाना तसाच राहतो. शुल्कही भरावं लागतं.

2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर लिंगाची नोंद 'ट्रान्सजेंडर' होते. स्त्री किंवा पुरुष हवं असेल तर कलम 7 खाली रुग्णालयाचं पत्र जोडून दुसरा अर्ज. बहुतेकांचं अडतं ते पत्त्यावर: 2020 च्या नियमांत सलग बारा महिन्यांचं वास्तव्य मागितलंय, आणि मुंबईत जिल्हे दोन. दादरचा अर्ज मुंबई शहर जिल्ह्याकडे, अंधेरीचा मुंबई उपनगर जिल्ह्याकडे.

दाखल्याची दुरुस्ती मात्र जन्म जिथे नोंदवला तिथेच. केईएम रुग्णालयात जन्म झाला असेल तर महापालिकेचा परळचा एफ-दक्षिण विभाग, राहता कुठेही.

लिंगही बदलायचं असेल तर आधी प्रमाणपत्रच काढा. कायद्यात पहिल्या नावाचाच उल्लेख असल्यामुळे ज्यांना आडनावही बदलायचं असेल, त्यांनी राजपत्रही करावं.