रूटिंग हार्मोन पावडर: काम करते, पण डबीवरच्या थापा सोडा

जास्वंदीच्या काड्यांसाठी ऑनलाइन मागवली, चांगली आहे राव! काडी डोळ्याच्या जरा खाली तिरकी कापायची, ओलं टोक पावडरीत बुडवायचं अन् जास्तीची झटकायची, नाहीतर बूड काळं पडतं. आत आयबीए (मुळं फुटवणारं रसायन) असतं, झाडात त्याचं आयएए म्हणजे ऑक्सिन (झाडाचं वाढीचं हार्मोन) होतं, ते पेशीतल्या टीआयआर१ या प्रोटीनला चिकटतं आणि वाढीचे जीन्स दाबून बसलेली प्रोटीन्स मोडीत निघतात, म्हणजे ब्रेक सुटतो अन् कापलेल्या टोकाला मुळं फुटतात (ऑक्सिन थेट टीआयआर१ लाच चिकटतं हे २००५ मध्ये मार्क एस्टेल आणि ऑटोलिन लेझर या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लॅब्जनी दाखवलं, भारीच काम). त्यामुळे काम मुळं फुटवण्याचं, डबीवरचं 'संपूर्ण झाडाचं टॉनिक' वगैरे काहीही! झाकण भंगार, पावडर पाकिटातच सांडलेली. मनीप्लांटला मात्र नुसतं पाणी पुरतं, उगाच पैसे घालवू नका.