युथिफ्रो की क्रिटो: प्लेटो कुठून सुरू करावा?

भाचीने विचारलं, मामा, प्लेटोचा पहिला संवाद कोणता वाचू? प्लेटो म्हणजे प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ; त्याच्या संवादांत त्याचा गुरू सॉक्रेटिस लोकांशी प्रश्नोत्तरं करतो. ‘युथिफ्रो’ आणि ‘क्रिटो’ हे दोन्ही छोटे, एका बैठकीत संपणारे. दोन्हींतल्या प्रसंगाचा काळही एकच, इ.स.पू. 399.

‘युथिफ्रो’त मुलगा सख्ख्या बापावर खटला भरतोय आणि धर्म काय ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे म्हणतोय. सॉक्रेटिस त्याची एकेक व्याख्या उसवत जातो. शेवटी उत्तर मिळतच नाही. दमछाक होते, पण प्रश्न कसा विचारावा ते इथे कळतं.

‘क्रिटो’ सोपा, मला जास्त जवळचा. सॉक्रेटिसला मृत्युदंड झालाय. उजाडायच्या आधीचा तुरुंग. झोपलेल्या सॉक्रेटिसला न उठवता मित्र क्रिटो उशाशी गप्प बसून राहिलाय. पळून जायची सोय झालीय. सॉक्रेटिस नाही म्हणतो, आणि का ते समजावतो.

वादात आपलंच खरं वाटत असेल, तर युथिफ्रो. माणसं एक सांगतायत, मन दुसरंच, अशा पेचात असाल तर क्रिटो. भाचीला मी तोच दिला.