मृणालताई गोरेंच्या गोरेगावची वॉक: मोर्चे झकास, विधानसभा गायब

समाजवादी नेत्या मृणालताई गोरेंची गोष्ट त्यांच्याच गोरेगावात फिरत सांगणारी ही वॉक वेस्टला स्टेशनपासून रविवारी सकाळी निघते, माणशी 350 रुपये, चहा ज्याचा त्याने. घेणारी पोरं तरुण आहेत, वाचून आलेली आहेत आणि पाठ केल्यासारखं बोलत नाहीत हे आवडलं. फक्त तो कमरेचा स्पीकर बदला रे बाबांनो, आरे रोडवर रिक्षावाले सुरू झाले की मागच्यांना नुसते ओठ हलताना दिसतात.

पहिला अर्धा भाग एक नंबर. गोरेगावला एकेकाळी ग्रामपंचायत होती आणि ताईंचं राजकारण तिथून सुरू झालं हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून चळवळीत, समाजवादी बंडू गोरेंशी लग्न, 1958 ला ते गेले, पदरात लहान मुलगी, आणि 1961 ला बाई मुंबई महापालिकेत नगरसेविका. मग पाण्याचा लढा, हंडे घेऊन महापालिकेवर गेलेल्या बायका, त्यातून पडलेलं पाणीवाली बाई हे नाव, हे सगळं पोरगी इतकं रंगवून सांगते की येणारे-जाणारेपण थांबून ऐकत होते. 1972 च्या महागाईतला लाटणं मोर्चा आला तेव्हा आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, अगं मी होते ना त्यात, सासूबाईंचं लाटणं नेलं होतं, घरी आल्यावर ओरडा खाल्ला! मोर्चात बरोबरीने असलेल्या कम्युनिस्ट नेत्या अहिल्याताई रांगणेकरांचं नावही नीट घेतलं, नाहीतर लोक अशा वेळी एकाच बाईची आरती करतात. आणि 77 च्या लोकसभा निवडणुकीत ताई जिंकल्या आणि इंदिरा गांधी हरल्या तेव्हाची घोषणा, पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में, यावर टाळ्या पडणारच.

पण इथेच माझी तक्रार. 1972 ला आमदार झाल्या, पुढे खासदार, 85 ला परत आमदार, हे तिन्ही एका वाक्यात उरकलं. अरे तिथे खरी मजा आहे ना! 80 च्या दशकात मुंबईत लोकलच्या डब्यांत गर्भलिंग चाचणीच्या जाहिराती लागायच्या, उघड उघड. मृणालताईंनी 1986 ला विधानसभेत त्याविरुद्ध अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारने नाही तर आमदाराने स्वतः मांडलेलं विधेयक, आणलं, बाहेर महिला संघटना रेटत होत्याच, शेवटी सरकारला स्वतःचा कायदा करावा लागला, 1988 चा, देशातला पहिला. केंद्राला जाग आली 1994 ला. आता विरोधी बाकावरच्या आमदाराचं अशासकीय विधेयक म्हणजे बहुतेक वेळा चर्चा होते आणि गुंडाळलं जातं, तरी त्यातून सरकारला हलवता येतं हे वॉकला आलेल्या कॉलेजच्या मुलांना कोण सांगणार? 88-89 मध्ये मृणालताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या याचा तर उल्लेखच नाही. मी विचारलं तर पोरगी म्हणाली, काका, लोकांना मोर्चे आवडतात. खरंय तिचं, पण मोर्चा मंत्रालयावर नेणं आणि आत बसून कलम-कलम भांडणं ही दोन्ही कामं एकाच बाईने केली, म्हणून तर ही वॉक निघाली ना.

शेवट ईस्टला दिंडोशीत, ताईंच्या पुढाकाराने झालेल्या नागरी निवारा परिषदेच्या वसाहतीत. तिथवर बसने नेतात, तिकीट आपलं. सीलिंगची, म्हणजे कमाल जमीन धारणा कायद्यात सरकारकडे आलेली जमीन मिळवून साध्या लोकांसाठी 6000 च्या वर घरं उभी राहिली, ही गोष्ट सांगायला जागा बरोबर निवडलीये, कारण आजूबाजूचे टॉवर समोरच दिसतात आणि रेट कुणाला विचारावा लागत नाही.

मराठी बॅच वेगळी असते, तीच घ्या, मिक्स बॅचमध्ये सगळं दोनदा सांगतात आणि वेळ खातात. गुडघे दुखणाऱ्यांनी वेस्टचा भाग करून रिक्षाने दिंडोशी गाठावं, बसला बसायला मिळेल याची गॅरंटी नाही. आणि आयोजकांनो, शेवटची पंधरा मिनिटं विधानसभेला द्या, मी परत पैसे भरून येईन.