झोपाळ्याच्या कड्यांना टांगलेली पंचिंग बॅग : दिवाळी ते श्रावण

चार फुटी पंचिंग बॅगेचा व्यास १३-१४ इंच असतो. दुकानात बघताना वाटतं, एवढीशी तर आहे, कपाटाच्या बाजूला मावेल. मावतेही. पण एक बरा ठोसा बसला की ती दीड-दोन फूट मागे जाते, तेवढीच पुढे येते, आणि आपल्यालाही तिच्याभोवती पाय टाकायला जागा लागते. सगळं धरून साधारण ६ बाय ६ फुटांचा मोकळा चौकोन हवा आणि बॅगेपासून भिंत निदान तीन फूट लांब हवी. जळगावातल्या आमच्या रो-हाउसमध्ये असा चौकोन आत कुठेच नाही. हॉलमध्ये सोफा, मधल्या खोलीत धान्याच्या कोठ्या, गच्चीवर पत्रा. उरला पोर्च. १० बाय १२ चा, त्यातही कडेला दोन गाड्या.

दिवाळी झाल्यावर बॅग आणली, आता श्रावण चालू आहे. हिवाळा, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा अशा तिन्ही ऋतूंत वापरून झाली, म्हणून सविस्तर लिहिते. मी बॉक्सर नाही. बँकेत दिवसभर बसून खांदे आखडायचे, जिमला जायला वेळ जमत नव्हता, एवढंच कारण.

टांगायचं कशाला, हा खरा प्रश्न होता. पंख्याचा हूक बघून पुष्कळांना मोह होतो. पंखा चार-पाच किलोचा आणि जागच्या जागी फिरणारा. बॅग ३५ किलोची, वर हिसके देणारी. पंख्याच्या हुकाचा विचारच करू नका. स्लॅबला फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा बोल्ट, मारायचा तर हॅमर ड्रिलवाला माणूस, स्लॅबमधून गेलेले वायरिंगचे पाइप चुकवणं, सळई आडवी आली की जागा बदलणं, हे सगळं आलं. त्यातल्या त्यात बीमला टांगलेलं चांगलं, कारण मधला स्लॅब ढोलासारखा घुमतो. भिंतीचं ब्रॅकेट नऊ इंची विटांच्या भिंतीवर एकवेळ चालेल. चार इंची पार्टिशनवर किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीवर वरचे बोल्ट हळूहळू बाहेर येतात, कारण सगळी ओढ त्यांच्यावरच पडते. लोखंडी स्टँडच्या पायांना फुटाफुटाला ठेच लागते आणि तो स्वतःच अर्धा पोर्च खातो. खाली पाणी किंवा वाळू भरायची उभी बॅग मुलांना बरी, पण जोर लावला की सरकते.

आमच्याकडे सुटका केली ती झोपाळ्याच्या कड्यांनी. खान्देशात जुन्या-नव्या बऱ्याच घरांत पोर्चच्या स्लॅबमध्ये झोपाळ्यासाठी कड्या सोडलेल्या असतात. स्लॅब भरतानाच त्या सळईला अडकवलेल्या असतात, तीन-चार मोठी माणसं बसून झुलतील अशा बेताने. आमच्या दोन कड्यांत चार फुटांचं अंतर आहे. तुमच्याकडे असतील तर आधी स्टुलावर चढून जवळून बघा. साखळी घासून घासून कडीचं लोखंड आतून पातळ झालेलं असतं, ते खालून दिसत नाही. गंज पापुद्र्याने सुटत असेल किंवा भोवतीचं प्लास्टर भेगाळलं असेल तर मिस्तरीला दाखवल्याशिवाय काही टांगू नका.

एका कडीला सरळ बॅग लावणं सोपं होतं, पण ती कडी भिंतीकडून दोनच फुटांवर. म्हणून दोन्ही कड्यांतून साखळ्या सोडल्या आणि त्या खाली मधोमध एका मोठ्या कडीत आणून जोडल्या. त्या जोडाला बॅग. याचा फायदा टांगल्यावर कळला. दोन्ही कड्यांच्या रेषेत, म्हणजे आडवी, बॅग फार हलतच नाही, कारण त्या बाजूने दोन्ही साखळ्या तिला धरून ठेवतात. ती मोकळी झुलते ती पुढे-मागे, अगदी झोपाळा जायचा त्याच दिशेने. आणि ती जागा घर बांधणाऱ्याने झोपाळ्यासाठी आधीच मोकळी सोडलेली. गाड्या आडव्या बाजूला लागतात, त्यांना अजून एकदाही धक्का लागलेला नाही.

मात्र साखळ्यांचा कोन बघा. माझ्याकडे चार फुटांच्या अंतराला दोन फूट उतार आहे, म्हणजे प्रत्येक साखळी ४५ अंशांत. यात एकेका कडीवर वजनाच्या निम्मा नाही, तर सुमारे ७० टक्के ताण येतो, आणि तोही तिरका. साखळ्या आणखी पसरट केल्या तर ताण झपाट्याने वाढतो. उंची वाचवायच्या नादात तसं करू नका. आमचं छत १० फुटांचं आहे. दोन फूट साखळ्या, त्याखाली बॅगेचे स्वतःचे पट्टे, मग चार फूट बॅग, असं करून तिचा तळ जमिनीपासून पावणेतीन-तीन फुटांवर येतो. माझ्या ५ फूट ३ इंचांना तो कमरेशी पडतो आणि हनुवटीच्या उंचीचा ठोसा बॅगेच्या मध्याजवळ बसतो. छत नऊ फुटांचं असेल तर तीन फुटी बॅगच घ्या.

बॅग मी रिकामी घेतली, दीड हजाराच्या आत. जाड रेक्झिनची. भरलेली मागवली असती तर कुरियरचं भाडंच बॅगेइतकं झालं असतं. भरायची कशाने, यावर गल्लीत प्रत्येकाचं मत होतं. एका काकांचं म्हणणं, ‘‘घरचा कापूस आहे ना भो, तो कोंबा.’’ तेव्हा हमीभाव क्विंटलला आठ हजारांच्या घरात असताना ३५ किलो कापूस म्हणजे पावणेतीन हजार रुपये बॅगेत घालून वर ठोसे मारायचे. शिवाय सरकीसकट कापूस दबून त्याच्या गुठळ्या होतात. दुसरं मत वाळूचं. हिशेब करून बघितला, एवढी बॅग नुसत्या वाळूने भरली तर दीडशे किलोच्या वर जाईल आणि मनगट मोडेल.

शेवटी कापडच. ब्लाउज शिवणाऱ्या बायकांकडून कातरण गोण्या भरून मिळालं, घरच्या जुन्या चादरी, फाटक्या गोधड्या, जीन्स. हूक, बटणं, चेन कापून काढायला जो वेळ गेला तो गेला, पण ते सोडू नका, एखादं राहिलं तर ते आतून रेक्झिन कापतं. एक थर टाकायचा, मुसळाने ठेचायचा, मग पुढचा थर. मधोमध जीन्सच्या एका पायात दुहेरी पिशवीत बांधलेली पाच-सहा किलो वाळू घातली, चारी बाजूंनी कापड राहील अशी. एवढं करून ३५ किलोच्या आसपास झाली. आपल्या वजनाच्या निम्मी बॅग, असा एक ठोकताळा सांगतात. जागा कमी असेल तर त्याहून थोडी जडच बरी, कमी झुलते.

संक्रांतीपर्यंत कापड खाली बसलं. तळ दगडासारखा, वरचा वीतभर भाग पोकळ. हे सगळ्याच बॅगांचं होतं, भरलेल्या मिळतात त्यांचंही. खाली काढून, आडवी करून, लाथा मारून तळ मोकळा केला आणि वरून आणखी कातरण ठेचलं. होळीनंतर पुन्हा थोडं. त्यानंतर बसलेली नाही.

बॅगेच्या तळाच्या कडीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधून तो काँक्रीट भरलेल्या तेलाच्या डब्याला अडकवलाय. काँक्रीट ओलं असताना त्यात हूक खोचला, डब्याला बाहेरून गोणपाट शिवलं, नाहीतर पायाची करंगळी गेलीच म्हणून समजा. ट्यूबमुळे पुढे-मागेचा झोकाही निम्म्यावर आला. सुरुवातीला ट्यूब हवीच, कारण नवशिक्याचा ठोसा बॅगेला ढकलतो आणि ढकललेली बॅग झोका घेते. ठोसा लागताच हात परत आला तर बॅग जागच्या जागी हादरते. आता मी अधूनमधून ट्यूब सोडून मारते, आपण ढकलतोय का हे लगेच कळतं.

आवाजाचं मात्र पूर्ण जमलेलं नाही. पोर्चच्या वर भाडेकरूंचा हॉल आहे. वरच्या वहिनी पहिल्याच आठवड्यात खाली आल्या, ‘‘ताई, खाली काही फोडताय का?’’ त्यांना त्रास ठोशांच्या धपधपीपेक्षा साखळीच्या खडखडाटाचा होता. कडी आणि साखळी यांच्यामध्ये जुन्या टायरचा जाड तुकडा घातला, साखळीवर ट्यूब चढवली, जोडाजवळ एक जाड स्प्रिंग टाकली. खडखड गेली. धपधप राहिली, ती वर जातेच. त्यावर वेळेचा तोडगा आहे, सकाळी साडेसहाच्या आधी नाही आणि दुपारी एक ते चार अजिबात नाही. फ्लॅटमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर या एका कारणासाठी मी बॅग घेऊ नका म्हणेन.

पायाखाली आधी जळगावची प्लॅस्टिकची चटई टाकली होती. चटई आमच्या गावाचं नाव देशभर नेते, पण यासाठी ती निरुपयोगी, पाय वळवला की घसरते. पशुखाद्याच्या दुकानात गोठ्यात अंथरायची रबरी मॅट मिळते, ती आणली. जाड आहे, पाणी मारून धुता येते, जागची हलत नाही. जिमच्या नावाने विकतात त्या मॅटपेक्षा स्वस्त पडली.

उन्हाळ्याबद्दल खान्देशाबाहेरच्यांना सांगून पटत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ वर. पोर्चला दुपारचं ऊन येतं, त्यात रेक्झिन हाताला चटका देईल इतकं तापतं आणि पृष्ठभाग चिकट होतो. सुती चादर पांघरून ठेवायला लागले, तरी उन्हाच्या बाजूला बारीक भेगा आल्याच. कॅनव्हासची घेतली असती तर कदाचित बरं, पण ती घाम पिते आणि चामड्याची परवडत नाही. त्या दिवसांत वहिनींना विचारून पहाटेची वेळ मागून घेतली, कारण सूर्य वर आल्यावर ग्लोव्हजमध्ये हात घालवत नव्हता. फेऱ्याही कमी केल्या. एरवी हौशी बॉक्सिंगसारख्या तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एकेक मिनिट थांबणं. ऐकायला नऊच मिनिटं वाटतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बॅग उतरवावी लागली. नणंदा माहेरी येणार आणि पोर्चमध्ये झोका नाही, हे सासूबाईंना चालण्यासारखं नव्हतं. त्यांचं बॅगेशी तसंही जमलेलं नाही. मी मारायला लागले की आतून ऐकू येतं, ‘‘कसाले मारी राहिनी व माय तिले?’’ पण येता-जाता एक चापट त्याही देतात, ते मी बघितलंय. उतरवायला दोन माणसं लागतात, एकाने खालून मिठी मारून उचलायची, दुसऱ्याने स्टुलावरून कडी सोडायची. जोडाला पेचाची कडी असल्यामुळे पाच मिनिटांत झालं. तिथे वेल्डिंग करून घेऊ नका.

हातांना पट्ट्या बांधल्याशिवाय मारायचंच नाही. १८० इंची, म्हणजे साडेचार मीटरची पट्टी घ्या, छोटी मनगटाला पुरत नाही. वर १२ औंस वजनाचे ग्लोव्हज. नवरा १६ चे वापरतो. ठोसा पहिल्या दोन बोटांच्या सांध्यांवर बसला पाहिजे आणि मनगट सरळ. बॅग अंगावर येत असताना घाईने मारला की मनगट मुडपतं, म्हणून तिला येऊन थांबू द्यायचं. पावसाळ्यात ग्लोव्हजना जो वास सुटतो त्यावर रद्दीचे बोळे आत कोंबणं आणि उघड्यावर ठेवणं, एवढाच उपाय चालला. साखळ्यांना आषाढातच गंजाचे ठिपके दिसले, ग्रीस लावलं, ते मग कपड्यांना लागलं.

खांदे सुटले, झोप लागते. वजन फारसं उतरलं नाही. गल्लीतल्या मुली मला मेरी कोम म्हणतात आणि संध्याकाळी रांग लावून दोन-दोन ठोसे मारून जातात. त्यांच्यासाठी ६ औंसाची एक जोडी आणायची आहे, आणि बॅग गोल फिरून साखळीला पीळ पडतो म्हणून वर एक बेअरिंगची फिरती कडी. ती आमच्याकडे खेळाच्या दुकानात मिळाली नाही, आता झोपाळ्याचं सामान विकणाऱ्याकडे विचारते.